खडकाचे वेळापत्रक

हाजी अलीचा दर्गा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंत समुद्रातून एक अरुंद वाट जाते. मोठ्या भरतीच्या वेळी ती पाण्याखाली बुडते आणि ओहोटी लागली की पुन्हा उघडी पडते. म्हणून दर्ग्याला जाणारी माणसे आधी भरतीची वेळ विचारून घेतात.

आता त्या वाटेवरून नजर काढून दर्ग्याभोवतीच्या काळ्या खडकांकडे पाहा. त्यांनाही भरतीची वेळ पाळावी लागते. पण वाट सगळी एकाच उंचीची आहे, खडक तसे नाहीत. एखादा खडक पाण्यातून वर येतो न येतो तोच पुन्हा बुडतो, तर त्याच्याच वरच्या अंगाचा दुसरा खडक दिवसचे दिवस कोरडा राहतो. प्रत्येक खडकाला, नव्हे, एकाच खडकाच्या प्रत्येक वीतभर उंचीला, पाणी मिळण्याचे स्वतंत्र वेळापत्रक असते.

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत राहणाऱ्यांना हे लगेच समजेल. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला ते पुष्कळ वेळ मिळते. वरच्या मजल्यावर मात्र दाब कमी म्हणून धार थोडाच वेळ टिकते. वर राहणाऱ्याला पिंप भरून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. समुद्रकाठचा खडक ही अशीच एक चाळ आहे. तिच्यात कोणता प्राणी कोणत्या मजल्यावर राहतो, आणि का राहतो, हे शोधून काढणे हा परिसरविज्ञानातील एक मोठा मनोरंजक विषय आहे. मुंबईत तर तो आज महत्त्वाचाही झाला आहे. तो का, ते पुढे पाहू.

पाण्याचा हिशेब

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एकाच रेषेत येते आणि भरती फार चढते, ओहोटीही फार उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात असते. तेव्हा पाणी थोडे चढते व थोडेच उतरते. याला कोळी लोक भांग म्हणतात. मुंबईत उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी साधारणपणे साडेतीन ते चार मीटर वरखाली होते, तर भांगाच्या वेळी दीड मीटरच्या आसपास.

ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. खलाशी लोक यासाठी एक ढोबळ नियम वापरतात. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात पाणी एक भाग चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उधाणाचा चढ ३६० सेंटिमीटर धरला तर एक भाग ३० सेंटिमीटरांचा होतो. म्हणजे पाणी तासातासाला ३०, ६०, ९०, ९०, ६० आणि ३० सेंटिमीटर चढेल. उतरतानाही हाच क्रम राहतो.

या आकड्यांवरून एक गंमत करता येते. भरतीची सर्वांत वरची रेषा पकडा. तिच्याखाली ३० सेंटिमीटरवर असलेला खडक भरतीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, असा दोनच तास पाण्यात राहील. आणखी ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट, खाली या. तेथला खडक चार तास पाण्यात राहील. उंचीत फरक दोन फुटांचा, पण मिळणारे पाणी दुप्पट! बरोबर मध्यावरच्या, म्हणजे १८० सेंटिमीटर खालच्या खडकाला सहा तास मिळतील, आणि ३३० सेंटिमीटर खालच्या खडकाला दहा तास.

हे झाले उधाणाचे. भांगाच्या दिवसांत चढ दीडच मीटरचा असतो. मध्यरेषेपासून ७५ सेंटिमीटर वर आणि ७५ सेंटिमीटर खाली, एवढीच पाण्याची ये-जा. त्यामुळे आपल्या पहिल्या दोन्ही खडकांपर्यंत पाणी पोहोचतच नाही. त्यांना लाटांचे तुषार मिळाले तर मिळाले, नाहीतर लागोपाठ काही दिवस निर्जळी. याउलट ३३० सेंटिमीटर खालचा खडक त्या दिवसांत मुळी उघडाच पडत नाही. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या प्राण्यांना महिन्यातून दोनदा दुष्काळ, आणि तळमजल्यावरच्यांना उघड्या हवेची ओळख केवळ उधाणाच्या दिवसांत, तीही थोडाच वेळ.

घड्याळाची करामत

कोकणकिनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. अमावास्या किंवा पौर्णिमा ही पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. हा हिशेब स्थूल आहे. छापील भरती-ओहोटी कोष्टकाशी ताडून पाहिलात तर थोडी तफावत आढळेल, पण कोष्टक हाताशी नसताना तो चांगला उपयोगी पडतो.

या हिशेबात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. मुंबईत उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, तर उधाणाची ओहोटी सकाळी व संध्याकाळी. म्हणजे सर्वांत खालचे नाजूक प्राणी जेव्हा उघडे पडतात तेव्हा सूर्य कलता असतो. भर दुपारच्या उन्हात ते क्वचितच सापडतात. जगात अशी बंदरे आहेत की जेथे उधाणाची ओहोटी ऐन दुपारी लागते. तेथे याच प्राण्यांना फार कठीण प्रसंगाला तोंड द्यावे लागते. मुंबईचा खडक काळ्या बेसाल्टचा. मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. तेव्हा घड्याळाची ही करामत आपल्या किनाऱ्यावरील जीवांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

मजल्यांवरचे रहिवासी

ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर वरून खाली उतरत गेलो तर जीवांच्या पट्ट्या ओळीने दिसू लागतात.

सर्वांत वरच्या पट्टीत वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान शंख फटींतून चिकटलेले दिसतात. कोरड पडली की ते आपल्या तोंडावरचे झाकण घट्ट लावून घेतात, आत थोडे पाणी राखतात आणि पुढच्या पाण्याची वाट पाहत स्वस्थ बसतात. चाळीतल्या वरच्या मजल्याचे पिंप ते हेच.

त्याखाली खडकावर करड्या-पांढऱ्या रंगाचे, छोट्या ज्वालामुखीसारखे खरखरीत उंचवटे असतात. पाय घसरला तर गुडघा सोलणारे ते हेच. पुष्कळांना ते खडकाचेच अंग वाटते, पण ते बार्नेकल नावाचे प्राणी आहेत. शिंपल्यासारखे कवच असले तरी ते शिंपल्यांचे नव्हेत, खेकडे व कोळंबी यांचे भाऊबंद. बार्नेकलचे पिल्लू पाण्यात पोहत असते. योग्य जागा सापडली की ते डोके खडकाला चिकटवते आणि भोवती कवच उभारते. मग जन्मभर डोक्यावर उभे राहून ते पायांनी पाण्यातले अन्न गोळा करते! जागा निवडताना ते आपल्या जातीच्या इतर बार्नेकलांची रासायनिक खूण हुडकते. एकदा चिकटले की जागा बदलता येत नाही, तेव्हा शेजार पारखून घेणेच बरे.

मधल्या पट्टीत कालवे खडकाला घट्ट जखडलेली असतात. वरळीसारख्या कोळीवाड्यांतील बायकांना ती कोठे मिळतील हे पुस्तकात पाहावे लागत नाही. ओहोटी किती उतरली, यावरून कोणत्या खडकावर जायचे ते त्या ठरवतात. याच भागात काळे-करडे वाटोळे शंख, टोपीच्या आकाराच्या गोगलगायी आणि खळग्यांतून फिरणारे खेकडे भेटतात. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडाही येथेच सापडतो.

आणखी खाली उतरले की रंग वाढतात. हिरवट-तपकिरी बटणांचा गालिचा अंथरावा तसे झोअँथिड नावाचे प्राणी खडक झाकून टाकतात. पाणी गेले की प्रत्येक बटण तोंड मिटून आपल्यापुरते पाणी धरून ठेवते. त्यांच्या आसपास समुद्रपुष्पे, निरनिराळ्या रंगांचे स्पंज, आणि अगदी खालच्या अंगाला व पाणी न आटणाऱ्या खळग्यांत काही ठिकाणी प्रवाळसुद्धा आढळतात. होय, प्रवाळ! प्रवाळ म्हटले की लक्षद्वीप आणि निळे पाणी डोळ्यांपुढे येते. पण गढूळ पाणी सोसणाऱ्या काही जाती हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही आहेत. त्या बेटे बांधत नाहीत. खडकावर तळहाताएवढ्या किंवा त्याहून लहान चकत्यांसारख्या वाढतात.

वरची सीमा कोण ठरवते, खालची कोण?

पट्ट्या दिसल्या, पण त्या का पडतात? पहिले उत्तर सोपे वाटते: ज्याला जितकी कोरड सोसते तितका तो वर राहतो. हे वरच्या सीमेचे उत्तर झाले. पण खालच्या सीमेचे काय? वर राहणाऱ्या बार्नेकलला खाली अधिक पाणी व अधिक अन्न मिळाले असते. मग तो खाली का उतरत नाही?

अमेरिकेतील शास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर या प्रश्नाचा छडा लावला. तेथे बार्नेकलच्या दोन जाती होत्या. लहान थॅमॅलस वरच्या पट्टीत राही आणि मोठा बॅलॅनस खालच्या पट्टीत. कॉनेल यांनी थॅमॅलसची पिल्ले बसलेले दगड खालच्या पट्टीत आणून बसवले. काही ठिकाणी त्यांनी आसपासचा बॅलॅनस काढून टाकला, तर काही ठिकाणी तसाच राहू दिला. मग एकेका बार्नेकलची जागा नोंदवून कोण जगतो, कोण मरतो, ते ते पाहत राहिले.

निकाल स्पष्ट होता. जेथे बॅलॅनस काढला होता तेथे थॅमॅलस खालच्या पट्टीतही नीट जगला. जेथे बॅलॅनस होता तेथे तो भराभर वाढला आणि त्याने थॅमॅलसला खालून उचकटून, वरून झाकून किंवा बाजूंनी चेपून मारून टाकले. थॅमॅलस वर राहतो तो वरचा मजला आवडतो म्हणून नव्हे. खालच्या मजल्यावर दांडगा शेजारी आहे म्हणून. आणि तो दांडगा शेजारी वर येत नाही, कारण त्याला कोरड सोसत नाही. हे संशोधन १९६१ साली प्रसिद्ध झाले आणि आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा दाखला देतात.

यातून हाती येणारे सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे: प्राण्याची वरची सीमा बहुधा ऊन, वारा व कोरड ठरवतात, खालची सीमा बहुधा इतर प्राणी ठरवतात. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम घातला आहे. स्कॉटलंडचे ऊन वेगळे, मुंबईचे वेगळे. आपल्याकडे बार्नेकल आणि कालवांच्या कवचाला भोक पाडून आतले मांस खाणारे शंखही आहेत. एका किनाऱ्यावर सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या किनाऱ्यावर पुन्हा तपासून पाहावी लागते.

मोजायचे कसे?

तपासणीची साधने अगदी साधी आहेत. संशोधक किनाऱ्यावर वरून पाण्यापर्यंत एक दोरी ताणतात. दोरीवर ठरावीक अंतरावर, समजा दर दोन मीटरवर, अर्धा मीटर बाजूची चौरस चौकट खडकावर ठेवतात. चौकटीत किती शंख, किती खेकडे ते मोजतात. बार्नेकल किंवा झोअँथिड एकेक मोजणे शक्य नसते, म्हणून त्यांनी चौकटीचा शेकडा किती भाग व्यापला आहे, ते लिहितात. चौकटीत आडव्या-उभ्या सुतळ्या बांधून शंभर घरे केली की हा अंदाज सहज करता येतो.

चौकट कोठे ठेवायची, हे मात्र दोरीवरच्या खुणेने ठरते, आपल्या आवडीने नव्हे. असे का? कारण डोळा नकळत सुंदर समुद्रपुष्पाकडे वळतो. आवडीने ठेवलेली चौकट किनाऱ्याची माहिती देत नाही, मोजणाऱ्याच्या आवडीची देते.

मुंबईच्या किनाऱ्यावर असे निरीक्षण फार पूर्वीपासून होत आले आहे. सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबईच्या समुद्रातील शिंपल्यांवर १९४९ साली आणि शंखांवर १९५२ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात सविस्तर निबंध प्रसिद्ध केले. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातील हौशी व अभ्यासू मंडळी ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली व इतर किनाऱ्यांवर नागरिकांना घेऊन जातात आणि दिसलेल्या प्राण्यांची छायाचित्रांसह नोंद ठेवतात. नोंदींची किंमत त्या केल्या त्या दिवशी कळत नाही. किनारा बदलला की कळते.

किनारा उभा केला तर

आणि मुंबईचा किनारा तर सारखा बदलतच आला आहे. हे शहर मुळात सात बेटांचे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्या मधून आत शिरणारे समुद्राचे पाणी १७८४ च्या सुमारास बांध घालून अडवण्यात आले. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बांध शहराच्या मोठ्या भरावांपैकी पहिला समजला जातो. पुढे भरावामागून भराव पडले.

अलीकडचे उदाहरण सागरी किनारा मार्गाचे. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळीपर्यंत सुमारे साडेदहा किलोमीटर लांबीच्या या रस्त्याचे काम २०१८ साली सुरू झाले आणि मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यासाठी समुद्रात शंभराहून अधिक हेक्टरांचा भराव घालावा लागला. या रस्त्याने शहरातील प्रवासाचा वेळ वाचला, हे खरे. आपला प्रश्न वेगळा आहे: भरती-ओहोटीच्या मधल्या चाळीचे काय झाले?

एक गणित करून पाहा. पाण्याचा चढउतार चार मीटर आहे आणि खडकाळ किनारा दर २५ मीटरला एक मीटर उतरतो, असे समजू. तर भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंत १०० मीटर रुंदीचा पट्टा मिळेल. किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे जीवांना १०० चौरस मीटर जागा. आता तेथे सरळ उभी भिंत बांधा. चढउतार तोच, चार मीटर. पण आता जागा उरली फक्त ४ चौरस मीटर. पंचविसावा हिस्सा! मोठाले दगड रचून उतरती कड केली, दोन मीटर आडवे आणि एक मीटर खाली अशा उताराची, तर पायथागोरसच्या सिद्धांतावरून तिची लांबी काढा. चारचा वर्ग सोळा, आठचा वर्ग चौसष्ट, बेरीज ऐंशी. वर्गमूळ सुमारे नऊ. म्हणजे नऊ चौरस मीटर. दगडांमधल्या फटी धरल्या तर थोडी अधिक.

चाळीचे मजले तेवढेच राहिले, पण प्रत्येक मजल्यावरच्या पंचवीस खोल्यांची एकच खोली झाली. शिवाय सपाट भिंतीवर खळगे नसतात. ओहोटीच्या वेळी ज्यांच्यात पाणी साचून राहायचे, जेथे मासोळ्या, कोळंबीची पिल्ले आणि समुद्रपुष्पे सहा तास काढायची, ते खळगेच नाहीसे होतात. आणि मजले एकमेकांजवळ आल्यामुळे भक्षकाला खालून वर येण्यास फार चालावे लागत नाही.

अठरा वसाहतींचे बिऱ्हाड

याच रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांचा प्रश्न पुढे आला. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला आहे. म्हणजे प्रवाळाला वाघाच्या पंक्तीचे संरक्षण आहे. त्यामुळे भरावाच्या जागेतील प्रवाळ तसेच गाडून टाकता येईनात. वनखात्याची परवानगी घेऊन २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली प्रवाळांच्या १८ वसाहती काढण्यात आल्या. त्यांपैकी काही कुलाब्याच्या नेव्हीनगर भागात आणि काही वरळीतच दुसऱ्या ठिकाणी बसवल्या.

हे काम किती नाजूक, ते आता तुम्हीच सांगू शकाल. नवी जागा नुसती समुद्रकाठी असून भागत नाही. ती बरोबर त्याच मजल्यावर हवी. दोन फूट वर बसवली तर उघडे पडण्याचे तास वाढतील. पाण्यात गाळ अधिक असेल तर प्रवाळाचे तोंड बुजेल. शेजारी दांडगा स्पंज किंवा झोअँथिडचा गालिचा असेल तर तो अंगावर पसरेल. म्हणून आधी नव्या जागेचे पाणी, गाळ, उंची आणि शेजार तपासावा लागतो, आणि नंतरही वर्षानुवर्षे पाहणी करावी लागते.

पण आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. प्रवाळाचे नाव कायद्यात होते म्हणून तो हलला. बार्नेकल, झोअँथिड, स्पंज, भोके पाडणारे शंख यांना असे संरक्षण मिळत नाही. आपण वर पाहिले की किनाऱ्यावरचा प्रत्येक जीव शेजाऱ्यांच्या ओढाताणीतून आपली जागा मिळवतो. बिऱ्हाडकरू हलवता येतो; शेजार, खळगे आणि पाण्याचे वेळापत्रक मिळून जी चाळ बनते, ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

मग बांधकाम झाल्यावर काहीच करता येत नाही काय? येते, थोडे तरी. ऑस्ट्रेलियात सिडनी बंदराच्या दगडी भिंतींवर पाणी साठवणाऱ्या कुंड्या बसवून प्रयोग करण्यात आले. ओहोटीत त्यांत पाणी राहू लागले आणि नुसत्या भिंतीवर न दिसणाऱ्या काही जाती तेथे येऊन राहिल्या. इतर देशांतही भिंतींना खाचा, खड्डे व खडबडीत पृष्ठभाग ठेवून पाहिले आहे. यामुळे जुना किनारा परत येत नाही; पण सपाट भिंत आणि खाचांची भिंत यांत जीवांच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. मुंबईच्या नव्या दगडी कडेवर काय येऊन बसेल? पहिले बार्नेकल कोणत्या उंचीवर येतील, मागून कालवे येतील का, झोअँथिड किती वर्षांनी दिसतील? या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी तेथे जाऊन मोजल्याशिवाय मिळणार नाहीत.

करून पाहा

हे मोजण्याचे काम तुमच्या वर्गालाही करता येईल. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांतील सकाळची ओहोटी निवडा. शिक्षकांबरोबर गटाने जा. पावसाळ्यात जाऊ नका. ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी चढू लागले की परत फिरा. वर दिलेला नियम आठवा: पहिला तास पाणी हळू चढते, तिसऱ्या तासाला त्याच्या तिप्पट वेगाने. पायांत जाड तळव्याचे बूट घाला.

सुतळीची चौकट, मोजपट्टी, पेन्सिल आणि वही, एवढेच साहित्य न्या. पाण्याजवळचा, मधला आणि भरतीच्या रेषेजवळचा, असे तीन खडक निवडा आणि ते पुन्हा ओळखता येतील अशी त्यांची आकृती काढा. तिन्ही ठिकाणी चौकट ठेवून नोंद करा. कोणताही प्राणी खरवडून काढू नका. दगड उलटून पाहिलात तर तो होता तसा पुन्हा ठेवा; त्याच्या खालच्या अंगाचे जीव वरच्या उन्हात तग धरत नाहीत. शंखाकृती कवचांना हात लावू नका, कारण काही शंखांच्या दंशात विष असते.

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच तिथीला, त्याच तीन खडकांवर पुन्हा जा. तुम्ही दहावी होऊन शाळा सोडली की वही खालच्या वर्गाच्या हाती द्या. नोंदीवर तारीख, वेळ आणि तिथी लिहायला विसरू नका. खडकाला लागते ती वेळ तिथीवर चालते, शाळेच्या घंटेवर नव्हे.